खडूच्या खोलीतली गरम फरशी

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टींची मला कधी भीती वाटली नाही आणि गोडीही वाटली नाही. माझे वडील शाळेत शास्त्र शिकवायचे. घरात कुणी "मला काहीतरी दिसलं" म्हणालं की ते शांतपणे विचारायचे, "कंदील कुठल्या बाजूला होता?" अशा घरात मी वाढले. त्यामुळे आजही वाटतं, वडील असते तर त्यांनी एखादा साधा प्रश्न विचारला असता आणि सगळं सुटलं असतं... तो प्रश्न मला मात्र आजवर सापडलेला नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. आम्ही नगर जिल्ह्यात, दौंड-मनमाड लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनजवळ राहत होतो. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं ओळखतील. माझे यजमान तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. स्टेशनची मालाची साइडिंग बंद झाली होती, रूळ उचलून नेले होते. मालगोदाम आणि गँगमन लोकांची तीन खोल्यांची दगडी चाळ नुसती पडून होती. तालुक्यातल्या एका सोसायटीनं या इमारती भाड्यानं घेतल्या आणि लहान धंदे करणाऱ्यांना त्यात जागा द्यायचं ठरवलं. गोदामात पत्र्याची पार्टिशनं घालून एक सुतार, एक साबणवाला आणि एक सायकल दुरुस्तीवाला बसला. मी नगरला खडू बनवायचं ट्रेनिंग घेऊन आले होते. मीही अर्ज केला आणि चाळीतली शेवटची खोली मला मिळाली.

किल्ली घ्यायला गेले तेव्हा दारात एक बाई बसलेली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, शेजारी गाठोडं आणि एक पत्र्याची पेटी. सोसायटीचे सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "या यमुनाबाई. यांचा नवरा गँगमन होता. तो वारल्यावरही या इथंच राहिल्या, रेल्वेनं कधी विचारलं नाही. आता शेवगावकडं भावाकडं चालल्यात."

मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण त्या क्षणी समजलं होतंच की. मी "मग राहू द्या, मला नको" म्हणू शकले असते. तसं म्हटलं नाही. किल्ली घेतली.

यमुनाबाई उठल्या, खोलीकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, चूल तेवढी हातानं मोडा. टिकाव नका घालू. लई वर्सं जेवू घातलंय तिनं."

मी "हो" म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, मला उशीर झाला. पोहोचले तर खोली नीट करायला बोलावलेल्या गवंड्यानं टिकावानं चूल फोडून माती पायानं दाराबाहेर लोटली होती. माझ्याकडं कामाला येणारी हौसा कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "मी सांगितलं त्याला. म्हनला, मातीच हाय."

त्या जागी शहाबादी फरशी बसवली, भिंतींना चुना लावला आणि काम सुरू झालं. प्लास्टर कालवायचं, साच्यात ओतायचं, खडू काढून लाकडी ट्रेमध्ये मांडायचे आणि उन्हात वाळवायचे. संध्याकाळी दव पडायच्या आत ट्रे आत घ्यायचे. थंडीत हे वाळणं हेच मोठं दुखणं. चार-चार दिवस खडू ओलसर राहायचे. ओला खडू फळ्यावर उठत नाही, मुलं हसतात आणि शाळा पुन्हा ऑर्डर देत नाही.

एका सकाळी हौसानं ट्रे उचलले आणि मला हाक मारली. एका ट्रेमधले खडू खणखणीत कोरडे होते. बाकीचे हाताला गार आणि ओले. आदल्या दिवशी सगळे एकाच वेळी काढलेले. मी ट्रे बाजूला केला आणि खालच्या फरशीवर तळवा ठेवला.

फरशी गरम होती. चटका बसेल अशी नाही. विझलेल्या चुलीच्या बाजूला हात लावल्यावर लागते तशी.

जागा तीच होती हे सांगायला नकोच.

मी यांना शाळेतून बोलावून घेतलं. हे आले, हात लावला आणि नेहमीप्रमाणे कारणं शोधायला लागले. ऊन? त्या बाजूला खिडकीच नव्हती. साबणवाल्याची भट्टी? ती गोदामाच्या पलीकडच्या टोकाला. शेवटी गवंड्याला बोलावून फरशी उचलली. खालची माती बर्फासारखी गार. फरशी पुन्हा बसवली... दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढून आत गेलो तर पुन्हा तशीच गरम. दुपारपर्यंत निवायची. रोज सकाळी हेच.

"जमिनीत काहीतरी असेल," हे म्हणाले. पण घरी आल्यावर हातात पुस्तक घेऊन नुसतेच बसून राहिले.

आणि मग आम्ही काय केलं? ट्रे आळीपाळीनं तिथं ठेवायला लागलो. आज हा, उद्या तो. खडू लवकर वाळायला लागले, आजूबाजूच्या शाळांतून मागणी वाढली. हौसा मात्र तिथं ट्रे ठेवायला तयार होईना. "दुसरीच्या चुलीवर आपलं सामान मांडायचं... मला न्हाई बरं वाटत, ताई. तुमी ठेवा." मग मीच ठेवायचे. ठेवताना दर वेळी त्या दारातल्या बाई आठवायच्या आणि तरी ठेवायचे.

संक्रांतीच्या आसपास मला झोप लागेनाशी झाली. मी यांना म्हटलं, "आपण शेवगावला जाऊन येऊ." यांनी कशासाठी म्हणून विचारलं नाही.

एसटीनं नगरला, तिथून शेवगाव, मग पुढे चालत त्या वस्तीवर. भावाचं घर बरं होतं. यमुनाबाई गोठ्याच्या कडेच्या पडवीत बसल्या होत्या. अंगानं निम्म्या झालेल्या. आम्हाला बघून गडबडीनं उठल्या. भावजयीनं चहा आणून दिला आणि आत गेली.

"बऱ्या आहात ना?" मी विचारलं.

"बरी हाय. दोन वेळचं मिळतंय. बोलत न्हाईत कुनी वाकडं." आतल्या दाराकडं बघून म्हणाल्या, "चुलीला हात लावू देत न्हाई वहिनी. तिचं बी बराबर हाय, तिचं घर हाय. पर बसून खानं जड जातं."

मग त्यांनी विचारलंच. "माजी चूल हातानं मोडली ना, ताई?"

मी खाली बघितलं. यांनीही काही सांभाळून घेतलं नाही. यमुनाबाईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "मोडली तरी मी तिथंच असते. पहाटं जाग आली की डोळं मिटूनच पडते. मनातच राख काढते, गवऱ्या लावते, दोन भाकरी टाकते. यांचा डबा बांधते. मग उजाडतं, अन् मी इथंच असते."

मी यांच्याकडं बघितलं. यांचा चेहरा उतरला होता. फरशीबद्दल आम्ही त्या बाईंना एक अक्षरही सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते.

मी म्हटलं, "यमुनाबाई, परत चला."

"कुटं?"

"तिथंच. माझ्याकडं काम आहे. चाळीच्या मागची पडवी मोकळी आहे."

"खडू जमंल का मला?" एवढंच त्यांनी विचारलं.

सेक्रेटरी आधी नाही म्हणाले. जागा धंद्यासाठी होती, राहायला नव्हती. यांनी त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. शेवटी ते म्हणाले, "गोदामाला राखणीला माणूस लागतोच. राखणदार म्हणून राहू द्या."

यमुनाबाई पेटी घेऊन आल्या. पडवीत माती कालवून त्यांनी दुपारपर्यंत नवी चूल घातली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या, सवय हाय." संध्याकाळी खोलीत आल्या, भिंतीकडं बघितलं, फरशीकडं बघितलं. त्या जागेवर खाली बसून तळवा टेकवला. "गार हाय," म्हणाल्या आणि उठल्या. संध्याकाळी ती गारच असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नव्या चुलीवर भाकरी टाकल्या. सुतार, साबणवाला, हौसा, सगळ्यांनी खाल्ल्या. मी कुलूप काढून आत गेले. फरशी गार. त्यानंतर ती कधीच गरम झाली नाही.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. पाण्यावाचून खडूचं काम कधी चालायचं, कधी बंद. यमुनाबाई शेवटपर्यंत तिथंच राहिल्या, खडूही झकास करायच्या. कामाच्या ओघात मी त्यांना फरशीचं सांगेन सांगेन म्हणत राहिले. ते राहूनच गेलं.

बऱ्याच जणांना मी हे सांगितलंय. कुणी भूगर्भातली उष्णता म्हणतं, कुणी मनाचे खेळ म्हणतं. मनाचे खेळ म्हणावेत तर खडू कसे वाळले? मला ठाऊक नाही. यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मला छळतं ते हे नाही. त्या बाई परत आल्यावरचा पहिला हिवाळा आठवतो. मागे त्यांच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा, कुणाशी तरी हसून बोलल्याचा आवाज यायचा. आणि मी इकडे ओल्या खडूंचा ट्रे बाजूला करून गुपचूप फरशीवर हात ठेवून बघायचे... आज तरी गरम असेल म्हणून.