आमची वकील आणि गावची मतं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर घेवडा निवडला. ती सुपात, मी परातीत. निवडता निवडता तिनं पुन्हा तेच काढलं, "आवं, आपलं गाव फिरलं कसं वो?" मी म्हणालो, "खडा बघ, दाताखाली येईल." जेवून ती आडवी झाली. चारला चहा घेऊन गेलो, तर उठलीच नाही. लोक तिला खासदारबाई म्हणायचे. मी शेवटपर्यंत वकीलच म्हणायचो.

माझं शिक्षण चौथी. ती शिराळ्याकडची, लग्नात मॅट्रिक झालेली. पुढं शिकते म्हणाली, मी शिकवली. भावकी हसायची, "बायको वकील, नवरा जलमभर आरोपी!" कोरेगावच्या कोर्टात ती उभी राहिली तेव्हा दत्तू कारकून तिच्याबरोबर आला. पहिला अर्ज त्यानंच लिहिला. पार कोयनानगराकडनं नवऱ्यानं टाकलेल्या बाया यायच्या, त्यांना ती फुकट भांडून द्यायची. साक्षीदाराला असा सोलायची, की त्याला घरी जाऊन आपलं नाव आठवावं लागायचं. पुढं लोकांनीच तिला उभी केली अन् दोनदा दिल्लीला धाडली. एकदा मी तिकडं गेलो, तर भेटायला आलेल्या एका साहेबानं मला गडी समजून पाणी मागितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "द्या की." आणि हसली. मी पाणी दिलं.

दहा वर्षं मी एकटा भाकरी थापून खाल्ली. तिसऱ्यांदा ती उभी राहिली, तेव्हा मी भावकीत घरोघर फिरलो. म्हणालो, "यंदा हिला घरी बसवा, माझी आन हाय." लोकांनी माझी आन पाळली. मीही दुसरंच बटण दाबलं. ती पडली. आमच्या गावानं मतं दिली असती तरी पडलीच असती, फरक मोठा होता. पण बाकीचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, गाव तेवढं राहिलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिनं ओसरीवर दत्तूला उभा केला.

"दत्तूभाऊ, बूथ तुमच्याकडं होता, व्हय का न्हाई?"

"व्हय, वैनी."

"मतं फिरत्यात, हे कळलं न्हाई?"

"कळलं."

"कुणी फिरवली?"

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाला, "न्हाई सांगता येत."

"म्हंजे तुमीच पैसं खाल्लं. पुन्हा माझ्या दारात पाय टाकायचा न्हाई."

तीस वर्षं तिच्याबरोबर राबलेला माणूस. माझ्या हातात तांब्या होता. मी त्याला म्हणालो, "पाणी तरी पी..." एवढंच म्हणालो. तो न पिता गेला.

वकील घरी आली खरी, पण मला पाहिजे होती ती आलीच नाही. कोर्टात गेली नाही, माझ्याशी धड बोलली नाही. चार वर्षं त्याच एका प्रश्नावर झिजली. उत्तर शेजारी बसून जेवत होतं. सांगितलं असतं तर ती मला सोडून गेली असती. म्हणून नाही सांगितलं. दुसरं कारण नाही.

तिला नेली तेव्हा सगळा तालुका आला. भाषणं झाली. तिच्या उलट मत दिलेले हमसून रडले. दत्तू रस्त्यापलीकडं उभा होता. तिनं दार बंद केलेलं, ते ती मेल्यावरही त्यानं पाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात पाटीत शेण भरत होता. म्हणालो, "दत्तू, ते मी केलं, हे पेपरात लिवून देतो. समद्यास्नी कळू दे."

"मला कवाच ठावं हाय. तिला कळाया पायजे हुतं." तो हात न थांबवता म्हणाला, "तिनं मला चोर म्हणलं, आन तसंच समजून गेली. आता लिवा, न्हाईतर नगा लिवू."

पाटी भरली. भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. मी वाकून एक बाजू धरली.

"सोडा," तो म्हणाला.

मी सोडली.