सगळ्यांचे फोटो काढणारी

आज जाम वैतागलेय, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी इथल्या मराठी मंडळातल्या चार मैत्रिणींना घेऊन लेस्टरहून नॉटिंगहॅमला एका गॅलरीत गेले. गाडी मी चालवली, डबाही मीच केला. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रकर्तीचं सेल्फ-पोर्ट्रेट होतं, जेमतेम काडेपेटीएवढं. शेजारी लिहिलं होतं की आयुष्यभर तिने लोकांचे चेहरे रंगवले, स्वतःचा मात्र हा एकच. हातात ब्रश आणि कपाळावर आठी. मला ती भयंकर आवडली.

काचेला नाक लावून बघत होते, तेवढ्यात मागून हाक आली. "अगं, आमचा एक काढ ना! तू मस्त काढतेस."

काढला. मग कॅफेत काढला, बाहेर पायऱ्यांवर काढला. दर वेळी "आता तुझा काढू हं" म्हणायच्या, आणि दर वेळी कुणाला तरी टॉयलेटला जायचं असायचं.

घरी पोचले तर एकीने ग्रुपवर फोटो टाकलेले. खाली लिहिलं होतं, "आज आम्ही सगळ्या!"

माझ्या लेकाने ते पाहिले आणि त्याच्या इंग्रजाळलेल्या मराठीत मलाच विचारलं, "मम, तू का नाही गेला?"

मग किचनमध्येच एक सेल्फी काढली. उजेड पिवळा, केस विस्कटलेले, कपाळावर आठी. तीच खाली टाकलीय. 'छान दिसतेस' वगैरे अजिबात लिहू नका.

त्यापेक्षा सांगा, तुमच्या ग्रुपचे फोटो कोण काढतं? आता तिचा एक फोटो शोधून दाखवा.