अध्यक्षपदासाठी एक मासा

ताउनो ह्युत्तिनेन भूमापन खात्यातून निवृत्त झाले तरी मोजमापाची खोड काही सुटली नाही. वार्काउस या तळ्याकाठच्या गावातल्या बावीस घरांच्या त्यांच्या इमारतीचे ते अठरा वर्षं अध्यक्ष होते. दुसरं कुणी ते पद मागत नव्हतं, हे खरं. पण ताउनोंना ते लोकांच्या विश्वासाचं वाटायचं. जिन्यात सायकल लावू नये. गालिचे नऊच्या आत झटकावेत. सौनात, म्हणजे इमारतीच्या सामाईक वाफेच्या न्हाणीत, मासे साफ करू नयेत. सूचना त्यांनीच लिहायच्या आणि स्वतःच चार पिना टोचून लावायच्या.

बायको माइरे होती तोवर हे सगळं खपून जायचं. नवरा सूचना लावायचा आणि ती त्याच सूचनेखाली उभी राहून लोकांशी तासभर गप्पा मारायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि इमारतीच्या वाट्याला नुसत्या सूचना उरल्या. ताउनो पाच वाजता एकटेच जेवत. दिवसाकाठी त्यांच्याशी कुणी बोललंच, तर ते नळाच्या तक्रारीसाठी.

त्या एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला आणि ताउनोंच्या गळाला हाउकी लागला. लांब तोंडाचा, दातेरी, चांगला दांडगा मासा. नेमकं त्याच दिवशी स्वयंपाकघरातलं मोरीचं भोक तुंबलेलं. गुरुवारी सातची सौनाची पाळी त्यांचीच होती. त्यांनी मनाशी तोडगा काढला की साफ करायचा नाही, नुसता धुवायचा. म्हणजे नियम मोडत नाही. धुतलेला मासा त्यांनी सौनाच्या खालच्या बाकावर आडवा केला, शेजारी मोजपट्टी पसरली आणि क्वोपिओला राहणाऱ्या बहिणीला पाठवायला फोटो काढला. चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

त्याच बाकावर आदल्या पाळीवाल्यांनी पाण्याचं डबकं करून ठेवलं होतं. त्याचाही फोटो त्यांनी आधीच काढून ठेवला होता, आणि घोळ झाला तो इथं. इमारतीच्या ग्रुपवर सूचना गेली, ‘पाळी संपल्यावर बाक कोरडा करून वेळेत बाहेर पडावे. हे सर्वांना लागू आहे. – अध्यक्ष’, आणि तिच्याखाली फोटो गेला माशाचा.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी जोडून केलेल्या चित्रात तोच मासा कपडे धुण्याच्या खोलीत रांगेत उभा होता. संध्याकाळी तो जिन्यात सायकल लावत होता. रविवारी त्याच्या नाकावर ताउनोंच्या चष्म्यासारखा चष्मा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘हे सर्वांना लागू आहे.’ आठवड्याभरात तो इमारतीबाहेर पडला. कुठल्याकुठल्या गावांतले अनोळखी लोक त्याला चंद्रावर, लग्नात, दंतवैद्याच्या खुर्चीत बसवू लागले.

ताउनोंनी प्रत्येक चित्र चष्मा पुसून पाहिलं. विनोद सापडेना. कुणी घसरून पडत नव्हतं, कुणी फजीत होत नव्हतं, शेवटी काही घडत नव्हतं. म्हणजे उरलं काय, तर आपली टवाळी. वार्षिक सभा दहा दिवसांवर होती. या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या साम्पोचंही नाव अध्यक्षपदासाठी आलं होतं. आपल्याला घालवायला निघालेत, हे ताउनोंनी धरून ठेवलं, आणि हे पद गेलं तर या इमारतीत आपल्याला विचारणार कोण, या विचारानं त्यांची झोप उडाली.

दुसऱ्या मजल्यावरची ईना दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. एका संध्याकाळी ती दाराशी येऊन उभी राहिली.

“काका, ते पहिलं चित्र मी केलं. तुम्ही जिन्यात मान खाली घालून जाता हल्ली. चुकलं माझं.”

“का केलंस?”

“तो मासा इतका गंभीर दिसत होता हो. आपली पाळी असल्यासारखा.”

“पण त्याचा अर्थ काय?”

“काही नाही.”

“अर्थ नाही, मग लोक हसतात कशाला? खुळे आहेत?”

“अर्थ नाही म्हणूनच.” ईना दाराला टेकली. “दिवसभर मी लोकांच्या तोंडात बघते. कुठे दुखतंय, कधीपासून, किती. प्रत्येक वाक्याचं पुढे काहीतरी करावं लागतं. घरी आल्यावर एखादी गोष्ट अशी दिसली की जिचं काहीच करायचं नाहीये, की बरं वाटतं.”

“म्हणजे माझी टिंगल नाही?”

ईना पोरगी खरं बोलणारी. “थोडी आहे,” ती म्हणाली.

ताउनोंनी दार लावून घेतलं. ऐकलं सगळं, पण पटलं काडीचं नाही.

सभेला सतरा घरांतून माणसं आली. एवढी कधीच येत नसत. कुणीतरी चिठ्ठ्यांनी मतदान मागितलं. सभा चालवायला ताउनोच, कारण ते कामही दुसऱ्या कुणाला नको होतं. चिठ्ठ्या मोजल्या ईना आणि तळमजल्यावरच्या हिल्काबाईंनी. हिल्काबाई ब्याऐंशीच्या, सभेत तोंड न उघडणाऱ्या. त्यांनी उभं राहून निकाल वाचला.

“साम्पो दोन. ताउनो सहा. हाउकी नऊ.”

ताउनोंची कानशिलं तापली. नऊ घरांना आपल्यापेक्षा मेलेला मासा बरा वाटला! अठरा वर्षं, आणि हे फळ.

“त्यातलं एक माझं,” हिल्काबाई म्हणाल्या. “का दिलं ते विचारू नकोस, मला ठाऊक नाही. लिहिताना आपलं बरं वाटलं.”

ताउनो त्यांच्याकडे बघत राहिले. या बाई कुणाला घालवायला निघालेल्या नव्हत्या. या वयात, सरळ चेहऱ्यानं, त्यांनी चिठ्ठीवर मासा लिहिला होता आणि घडी घालून पेटीत टाकला होता. ताउनोंनी कागद सरळ केले, घसा साफ केला आणि अठरा वर्षं विचारत आले तोच प्रश्न नियमाप्रमाणे विचारला.

“सर्वाधिक मतं मिळालेले उमेदवार हाउकी यांना पद मान्य आहे का?”

ते थांबले. उमेदवाराला विचार करायला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा पुरता दिला.

“पुन्हा विचारतो. मान्य आहे का?”

मागून कुणाचं तरी हसू नाकातून सुटलं.

“उत्तर नाही. उमेदवार गैरहजर, अशी नोंद घ्यावी. पुढच्या उमेदवाराची निवड झाली असं जाहीर करतो. तो आपला नाइलाजानं हजर आहे.”

मग जी खोली फुटली! साम्पो टेबलावर डोकं ठेवून हसत होता. ताउनोही हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. माइरे असती तर सगळ्यांत आधी तीच हसली असती, हे मनात आलं मात्र, आणि चष्मा काढावा लागला. रडू आणि हसू एकदमच चाललं होतं, आणि त्या सतरा जणांत कुणीही त्याचा अर्थ विचारला नाही.

“पुरे रे आता,” हिल्काबाईंनी खुर्ची ओढली. “इकडे ये, माझ्याजवळ बस. कॉफी निवतेय.”