दाढीच्या डब्यातल्या गोळ्या

एक कबुलीजबाब मी अजून विसरलेलो नाही. तो खोटा होता, आणि त्यात नुकसान देणाऱ्याचंच होतं.

पोलिसातल्या नोकरीचं शेवटचं वर्ष. रजा घेऊन मी सिंगापूरला मुलीकडे, सेम्बावांगला गेलो होतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याचं कुटुंब होतं: चांगी बिझनेस पार्कातला एक इंजिनिअर, त्याची बायको आणि भेटीला आलेले त्याचे आईवडील. वडील एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनच्या जिन्यावर पडले आणि त्यांचा खुबा मोडला. प्रवासाचा विमा होता, तरी शस्त्रक्रियेला मंजुरी येईना.

मुलगा माझ्याकडे आला. "काका, विमावाले म्हणतात, बाबांना फिट येतात आणि ते आम्ही लपवलं. फसवणूक म्हणतात. बाबांना कधी फिट आलीच नाहीये. आणि बाबा म्हणतात, येते."

माझा तिथे काडीचा अधिकार नव्हता. तरी हॉस्पिटलात गेलो आणि सवयीने एकेकाला वेगळं गाठलं. भरती करताना नर्सने चालू औषधं मागितली होती. आईंनी नवऱ्याच्या दाढीचा डबा उघडला, तर आत फिटच्या गोळ्या. बाबा लगेच म्हणाले, माझ्याच. मग डॉक्टरांनी त्याच गोळ्या सुरू ठेवल्या. आईंचं म्हणणं, सगळी बॅग त्यांनी स्वतः भरली, फक्त तो डबा सोडून.

बाबांना विचारलं, कधीपासून घेता? बरीच वर्षं. डॉक्टर कोण? आठवत नाही. दिवसातून किती? ते खिडकीकडे बघू लागले. गोळीच्या गुंगीने त्यांची जीभ जड झाली होती.

मी गोंधळून गेलो. केलेला गुन्हा नाकारणारे शेकडो पाहिले होते. हा माणूस न केलेला गुन्हा घट्ट धरून बसला होता, मोडक्या हाडानिशी.

एक गोष्ट मात्र टोचत होती. गोळ्या आल्या कुठून, हे घरातल्या प्रत्येकाने विचारलं होतं. सुनेने नाही.

दुपारी नर्स गोळी घेऊन आली. बाबांनी हात पुढे केला आणि सुनेने तो धरला.

"बाबा, नका घेऊ. माझ्या आहेत त्या."

मग सगळं बाहेर आलं. लग्न ठरताना तिच्या माहेरच्यांनी आजार लपवला होता. इथे औषध घ्यावं तर नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यातून त्याला कळणार. मागच्या दिवाळीत पुण्यात तिला फिट आली, तेव्हा घरी फक्त सासरे होते. तेव्हापासून गोळ्या तेच पोहोचवत होते; या खेपेच्या अजून त्यांच्या डब्यातच होत्या. कुणाला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. "मला सांगायचं नाहीस?"

"तुमच्या घरून पहिला प्रश्न तोच आला होता," ती म्हणाली. "घरात कुणाला फिट वगैरे नाही ना?"

तो प्रश्न विचारणाऱ्या आई समोरच बसल्या होत्या.

सुनेने पुण्याच्या डॉक्टरांकडून आपले कागद मागवले, विमावाल्यांना लेखी जबाब दिला. मंजुरी आली, शस्त्रक्रिया झाली.

फसवणूक झाली होती, पण विम्याची नव्हे. गोळी घेऊन नीट जगता येतं अशा आजाराला आपण कलंक ठरवतो, मुलींना खोटं बोलायला लावतो, आणि वर त्यांनाच खोटारडं म्हणतो. याचं कलम माझ्या पुस्तकात नव्हतं. जबाब खोटा निघाला की माझा तपास संपायचा. तो कुणाला वाचवण्यासाठी दिलाय, हे विचारायला मी तिथे शिकलो.

त्या संध्याकाळी आई नवऱ्याची चादर सारखी करत सुनेला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी आणीन. यांना धड लपवताही येत नाही."