ज्याचं ताट त्यानं उचलायचं

मागे एका मंडळानं मला शाल-नारळ दिला. भाषण करणारा म्हणाला, "अक्कांनी गरिबीतही साधेपणा जपला." मला असा राग आला की नारळ त्याच्याच हातात परत द्यावासा वाटला. साधेपणा जपायला तो काय बरणीतलं लोणचं आहे? मी तो हट्टानं केला, आणि माझ्या पंक्तीला बसणाऱ्या प्रत्येकाला करायला लावला. त्यात गरिबीचा काही संबंध नव्हता. तीन भाज्या करता येत नव्हत्या म्हणून मी एक करत नव्हते. एकच करायची होती म्हणून एक करत होते.

ही गोष्ट धुळ्याची, साठ-सत्तरच्या दशकातली. माझं माहेर सावद्याचं, सासर भडगावचं. आमच्या ह्यांची कापसाच्या जिनातली नोकरी सुटली तेव्हा आम्ही धुळ्याला आलो आणि आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एका शेठजींचं ओटीसकटचं घर भाड्यानं घेऊन खाणावळ काढली. मी तेव्हा तिशीचीही नव्हते, पण पहिल्याच महिन्यात सगळे मला अक्का म्हणायला लागले. माझ्या तोंडाचा दरारा, दुसरं काय!

खाणावळीत रोज एक डाळ, एक भाजी, ज्वारीची नाहीतर उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. थंडीत वांग्याचं भरीत. पाटी नाही, टेबल नाही. भिंतीला धरून पाट मांडलेले. कोर्टातला कारकून, कॉलेजातला पोरगा, ट्रकचा क्लीनर, जो ज्या वेळेला येईल तो रिकाम्या पाटावर बसेल. "आज भाजी काय?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "ताटात पडली की कळेल." लोक कुरकुरत, पण बोटं चाटत. एकच भाजी करायची असली की ती नीट होते. उरत नाही, नासत नाही, आणि कालची आज कुणाच्या गळ्यात मारावी लागत नाही. एवढं साधं गणित आहे, पण मोठमोठ्या हॉटेलवाल्यांना ते अजून जमलेलं नाही.

आणखी एक नियम होता. महिनेवारी जेवणारानं आपली ताट-वाटी घरून आणायची आणि जेवण झालं की उचलून मोरीवर न्यायची, राखेनं घासायची आणि फळीवर पालथी घालायची. एखाद्या वेळेला येणाऱ्याला ताट मी द्यायची, पण उचलायचं त्यानंच. पितळी ताटं, कडेला नावं कोरलेली. कुणाच्या ताटावर आजोबांचं नाव, कुणाच्या ताटावर बायकोच्या माहेरचं. ही रीत मी सावद्याहून आणली. आमच्या केळीच्या मळ्यात मालक असो की सालदार गडी, जेवल्यावर ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं, असा माझ्या वडिलांचा दंडक होता. धुळ्यात सुरुवातीला पुरुषमाणसं मोरीवर बसायला लाजायची. मग सवय झाली. राखेचा डबा पुढे सरकवता सरकवता कारकून आणि क्लीनर एकमेकांच्या घरची चौकशी करायला लागले.

ताट न उचलणारा एकच माणूस होता, आमचे हे. बाजार आणायचे, पाणी भरायचे, दळण आणायचे, सगळं करायचे. पण जेवून हात धुतला की ताट जिथल्या तिथं. "मालकानं ताट उचललं तर लोक काय म्हणतील?" मी पुष्कळ डोळे वटारले. शेवटी सोडून दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता.

एकदा दिवाळीच्या थोडं आधी शेठजींच्या ओळखीचा एक रस्त्याचा ठेकेदार जेवायला आला. चांगलं पोटभर जेवला, वर भाकरी मागून घेतली, ताटातच हात धुतला आणि उठला. मी दारात उभी राहिले.

"भाऊ, ताट."

"काय ताट?"

"उचला. मोरी तिकडे आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पंक्तीकडे बघितलं. सगळे खाली माना घालून जेवत होते, पण कान इकडेच. तो ताट ओलांडून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी शेठजी हजर. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. बोलणं गोड, हिशेब चोख.

"अक्का, जमाना बदलला. गिऱ्हाइकाला थाट पाहिजे. टेबल-खुर्च्या मी टाकतो, वर सनमायका. बाहेर भोजनालयाची रंगीत पाटी. तुम्ही फक्त तीन भाज्या आणि एक गोड करा. आणि ताटं उचलायला एक पोऱ्या ठेवा. पाहुण्याला कुणी ताट उचलायला लावतं का?"

"पाहुण्याकडून कुणी जेवणाचे पैसे घेतं का, शेठजी?"

ते हसले. मीही हसले. मग मी म्हटलं, "तुम्ही स्वतः दिवस मावळायच्या आत मुगाची खिचडी खाऊन मोकळे होता. तुमच्या घरी तीन भाज्या होतात का?"

"घर वेगळं, धंदा वेगळा," ते म्हणाले. "पाडव्याला पेंटर आणतो. पाटी लावायची नसेल तर जागा सोडा. घाई नाही, आवराआवरीला पाहिजे तर महिना घ्या."

मला त्यांच्या धमकीपेक्षा त्या 'घर वेगळं, धंदा वेगळा'चा जास्त संताप आला. स्वतः खायचं ते विकायला लाज, आणि विकायचं ते स्वतः खायला नको! अजूनही कुणी मला हे वाक्य ऐकवलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या ह्यांना मात्र बोलणं पटलं होतं. दोन दिवसांनी ते नमुना म्हणून एक घडीची खुर्ची घेऊन आले. "बसून तरी बघ." मी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. "अगं, जागा गेली तर खायचं काय?" ते म्हणाले, आणि ते खरंच घाबरले होते. तोंडी बोलीवर घेतलेली जागा. ती गेली म्हणजे खाणावळ गेली, खाणावळ गेली म्हणजे भडगावला परत, दिराच्या दारात. मलाही भीती वाटत होती. नाही असं कशाला म्हणू? पण पाटी लागली की ती खाणावळ माझी राहणार नव्हती, आणि मी त्या टेबलांमधून फिरणारी शेठजींची स्वयंपाकीण होणार होते.

कोर्टातल्या कारकुनाला सगळे नाना म्हणत. ते म्हणाले, "अक्का, दावा लावा. वर्षानुवर्षं कुणी उठवू शकत नाही."

"नाना, वर्षानुवर्षं तारखा करू की भाकऱ्या थापू?"

बाहेर जागा शोधली. खाणावळ म्हटलं की मालक नाक मुरडत, धुराचं कारण सांगत. मग एक दिवस आग्रा रोडच्या दुसऱ्या टोकाचे पिंजारी चाचा दारात आले. त्यांच्याकडे दर वर्षी आमच्या गाद्या पिंजायला जात. चाचांची अहिराणी आमच्यापेक्षा चोख.

"अक्का, मन्ही पत्रानी शेड रिकामी शे. पोऱ्या मालेगावले गया, आते पिंजानं काम कमी. बठ्ठा सामान तठे लई ये." सगळं सामान तिकडेच आण म्हणाले, आणि मग विचारलं, "पन तुन्हा लोके मन्हा छपरखाल जेवतीन का?"

"भाकरले कसानी जात, चाचा? ज्याले भूक लागी तो ई," मी म्हटलं. म्हटलं खरं जोरात, पण मला माहीत होतं, काही जण येणार नाहीत. तो काळ माहीत असलेल्याला हे सांगायला नको. आमच्या ह्यांनी तर कपाळाला हात लावला. "खुर्चीला नाही म्हणालीस आणि आता हे!"

पाडव्याच्या दिवशी सकाळची पंक्त नेहमीसारखी बसली. सगळे जेवले, ताटं घासून झाली. मी हात पुसले आणि सांगितलं, "संध्याकाळची भाकरी चाचांच्या शेडमध्ये. फळीवर ताटं पालथी घालू नका. आपलं ताट, आपला पाट आपण घ्यायचा आणि चालायचं. ज्याला यायचं नसेल त्यानं ताट घरी न्यावं, माझा राग नाही." राग होता. पण सणाच्या दिवशी किती बोलायचं?

कुणी हलेना. धुतलेली ताटं हातात घेऊन सगळे उभे. मला वाटलं, शेडचा प्रश्न आहे. नाना खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, पाडव्याचा दिवस. आग्रा रोडवरनं हातात ताट घेऊन जायचं? भिक्षेकऱ्यांसारखं? ओळखीची माणसं भेटतील." त्यांचं खोटं नव्हतं. दुकानांवर तोरणं, नवे कपडे घातलेला सगळा बाजार बाहेर, आणि त्यातून नाव कोरलेलं ताट मिरवत जायचं. मोरीवर घासणं वेगळं, ते चार भिंतींत होतं.

तेवढ्यात भांड्याचा आवाज झाला. आमचे हे खाली वाकले होते. त्यांचं ताट नेहमीप्रमाणे जिथल्या तिथं पडलं होतं, खरकटं, कडेला ठेच्याचा डाग. ते त्यांनी उचललं, काखेत पाट मारला, आणि माझ्याकडे न बघता दाराबाहेर पडले. नवं धोतर, डोक्यावर टोपी, हातात उष्टं ताट. भर आग्रा रोडवर.

त्यांच्यामागे कॉलेजची पोरं निघाली, मग क्लीनर, मग नाना, धोतराचा सोगा सावरत. मी चुलीवरचा तवा आणि पिठाचा डबा घेतला. राहिलेलं सामान चाचांच्या हातगाडीवर मावलं. महिना घ्या म्हणाले होते शेठजी. आम्हाला दुपार पुरली. खुर्ची तेवढी मी मुद्दाम मागे ठेवली, रिकाम्या ओटीच्या मधोमध. संध्याकाळी ते पेंटरला घेऊन आले तेव्हा बसायला काहीतरी हवं होतं.

त्या रात्री काही जण आले नाहीत. आले नाहीत ते पुन्हा कधीच आले नाहीत. मी त्यांची वाट पाहिली नाही. उरलेल्या भाकऱ्या सकाळी कुस्करून फोडणीला घातल्या, आणि चाचांनी दोनदा मागून घेतल्या.

त्या रात्री हे शेवटी जेवले. जेवून हात धुतला आणि सवयीनं ताट ठेवून उठले. दोन पावलं गेले. मी शेवटची भाकरी थापत होते, ती थापायची थांबले. तो थापण्याचा आवाज बंद झालेला त्यांना ऐकू गेला असावा. ते परत फिरले, ताट उचललं, आणि मला विचारलं, "राख कुठंय?"