ग्रीसच्या समुद्रात विहिरीचं पोहणं

आर्वीला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो. चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना बियाण्यांची कंपनी परदेशात फिरवून आणते, सोबत बायकोलाही. यंदा ग्रीस निघालं. ऊन, समुद्र आणि बेटं. "उन्हासाठी एवढ्या दूर कायले जायचं?" असं नवरा म्हणाला, आणि आमच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या माणसाचं ते काही चुकीचं नव्हतं. मी मात्र समुद्राचं नाव ऐकलं आणि मनाशी ठरवून टाकलं, आपण त्यात उतरायचं.

माझं माहेर केळझरकडचं. शेतातल्या विहिरीत वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला पोहायला शिकवलं. माझ्यासारखी उडी आमच्या शिवारात पोरांनाही जमत नव्हती. लग्न झालं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सासरच्या शेतात भर दुपारी भरलेली विहीर दिसली. राहवलं नाही, मारली उडी. डोकं वर काढते तर काठावर आरडाओरडा! आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावत आलेली. सुनेनं विहिरीत उडी घेतली म्हणजे जीव द्यायलाच, दुसरं कारण कुणाच्या डोक्यातच शिरेना. मी उताणी तरंगत हसत होते, तरी नवऱ्यानं वरून दोर सोडला. पायऱ्या समोर होत्या. पण सगळेच "धर, बाई, धर!" करत होते, म्हणून धरला.

त्या दोरानं माझं पोहणं संपवलं. सुनेले सासरी काय तरास होता, याची गावभर चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमचं नाक कापलं तू. आता विहिरीकडे फिरकू नको." मी फिरकले नाही. त्याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

तिकडे ग्रीसमध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना बोट मध्येच थांबली. ज्यांना पोहायचं त्यांनी पोहून घ्यावं, असं बोटीवाल्यानं सांगितलं. परदेशी मंडळी धपाधप उतरली. आमची मंडळी डोक्याला दुपट्टे बांधून सावलीत चिवडा खात बसली. उन्हाची लू लागू नये म्हणून काहींच्या खिशात हॉटेलातून मागून आणलेला कांदा होता.

मी ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"काय करून राह्यली?" नवरा म्हणाला.

"पोहायले चालली."

"येडी झाली काय? या वयात? सारे पाहून राह्यले."

"पाहू द्या," म्हटलं आणि उडी मारली.

पाणी खारट होतं, पण अंगाला अलगद वर उचलणारं. विहिरीचं पाणी असे लाड करत नाही. हातपाय आपसूक चालू लागले. जराशानं बोटीवरून हसणं ऐकू आलं, तेव्हा कळलं की मी गोल फिरते आहे. एवढा समुद्र मोकळा पडलेला, आणि मी विहिरीतल्यासारखी, नसलेल्या भिंतीच्या कडेकडेनं चकरा मारत होते. एका दुकानदाराची बायको ओरडली, "अवं, सरळ जाय ना!" कशाला जाऊ? मला असंच येतं, मी असंच पोहणार.

नवरा मात्र हसत नव्हता. त्यानं बोटीवाल्याकडून दोर बांधलेलं रबरी कडं माझ्याकडे फेकवलं. "धर! धर ना!" अगदी त्या दिवशीचाच आवाज. त्याला माझी काळजी होती, तेव्हाही असेल. पण मला विचारलं कोणी होतं?

मी ते कडं दूर ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "तवाबी मी बुडून नव्हती राह्यली! पोहून राह्यलती!"

हे आता आर्वीपर्यंत जाणार, हे मला ठाऊक होतं. जाऊ दे. बोटीची शिडी समोरच होती. मी आणखी एक चक्कर मारली, आणि मग शिडीवरून माझी मी वर आले.