वरचा रुपया

हल्ली पेणमध्ये माझा फोन आला की लोक आधी पाकीट चाचपतात, मग उचलतात. बाजारात समोरून येणारा ओळखीचा माणूस मला बघून एकदम कोथिंबिरीच्या जुड्या निरखायला लागतो. जन्मभर शाळेत शिकवलं, वर्गातून सटकणारी पोरं पाठमोरी ओळखायची सवय आहे मला. तशीच ही माणसं ओळखते आणि गाठते. "पोरींच्या फंडाला काहीतरी द्या. जास्त नको, एक्कावन्न द्या." एक्कावन्नच का, ते सांगत बसत नाही.

हे मागणं सुरू झालं माझ्या रोह्याच्या मैत्रिणीमुळे. शाळेत आम्ही एका बाकावर. मी मास्तरांची मुलगी, ती खाडीकडच्या मिठागरवाल्यांची. पुढे तिनं रोह्यात सुई-दोरा, बांगड्या, लेस असल्या सटरफटर मालाचं दुकान थाटलं. नवरा लवकर गेला, तरी दुकान चालवलं, मुलगी वाढवली. मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डायलिसिस मागे लागलं. दवाखान्यात शेजारच्या खाटांवर खाडीकडच्या गावांतली माणसं असायची. उपचार फुकट होते, पण यायच्या-जायच्या रिक्षाला पैसे कुठून आणायचे? मधूनच कुणीतरी यायचं थांबायचं. का थांबलं आणि पुढं काय झालं, ते त्या खोलीत कुणी विचारत नसे.

तिची मुलगी डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे. तिनं आणि तिच्या शिफ्टमधल्या पोरींनी ठरवलं की थंडीत एका रविवारी निडी स्टेशनपासून रोह्यापर्यंत चालायचं. त्या चालण्याच्या नावानं ओळखीच्यांनी थोडेथोडे पैसे द्यायचे आणि त्यातून या पेशंटांसाठी गाडी लावायची. पैसे यायचे मैत्रिणीच्या दुकानातल्या क्यूआर कोडवर. पेणमधली वसुली माझ्याकडे.

मला वाटलं, त्यात काय मोठंसं! पण मांडवाला हजारो रुपये देणारा माणूस इथं हात आखडता घेतो, कारण मांडवात माइकवर नाव पुकारतात. आणि ज्यांना मनापासून द्यायचे असतात त्यांची वेगळीच अडचण. "पन्नास रुपये कसे देऊ बाई? बरं नाही दिसत." पाचशे परवडत नाहीत म्हणून काहीच द्यायचं नाही, आणि मग तोंड चुकवत फिरायचं. या भिडेचा मला फार संताप येतो. मी गणपतीच्या कारखान्यांत गेले. कच्च्या मूर्तींना पॉलिशपेपर मारत बसलेल्या बायकांना म्हटलं, "एकानं पाच हजार दिले तर पोरींच्या मागं एकच माणूस. तुम्ही पन्नास पन्नास दिलेत तर अख्खा कारखाना." त्यांनी पांढरे हात साडीला पुसले आणि फोन काढले. आमच्या जुन्या स्टाफरूममध्ये जाऊन तर मी दमच भरला. कुणासाठी, हेही सगळ्यांना नीट सांगितलं. माझी मैत्रीण, तिचं दुकान, तिच्या दोन्ही किडन्या.

शनिवारी दुपारच्या गाडीनं रोह्याला गेले. खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती.

मैत्रीण दुकानाचं शटर अर्धं ओढून स्टुलावर बसली होती. सुया टोचून टोचून तिचा डावा हात गाठीगाठींचा झाला होता. पैसे आले की मोठ्यानं सांगणारी ती स्पीकरची डबी गल्ल्याशेजारी ठेवलेली.

"बघितलंस ना पेणकरांचं?" मी म्हणाले. "कसे धडाधड देतायत!"

"ऐकतेय ना सकाळपासनं."

तेवढ्यात डबी बोलली, "पन्नास रुपये प्राप्त झाले."

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं की. कारखान्यातली असेल कुणीतरी."

"कोन पण असू दे. पन्नास. शंभर. पन्नास. परत शंभर. वरचा रुपया कुनीच नाय टाकला गो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्याकडे शुभकार्याला एक्कावन्न देतात, एकशे एक देतात. दुखवट्याच्या घरी जाऊन हातावर टेकवायचे ते सरळ पन्नास नाहीतर शंभर. तिथं वर रुपया ठेवत नाहीत.

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "अगं, फोनवरून देताना कोण रुपयाचा विचार करतंय? पन्नास दाबलं की झालं."

"तुझ्या पोरीच्या लग्नाचा आहेर फोनवरच आला ना? माझा पन तसाच आला. पाचशे एक. तवा बरा सगल्यांना रुपया आठवला."

मी समोरची लेसची गुंडाळी उगाच उलगडत राहिले.

"माझ्या किडन्यांचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं."

"मंग बरोबर हाय. हात आपसूक तसा जातो मानसाचा." तिनं तो गाठींचा हात डबीवर पालथा ठेवला. "पन मी अजून हाय ना इथं बसलेली! तेवढं तरी बघायचं व्हतं."

मला तिचाही राग आला, माझाही आला. एवढं पेण पालथं घातलं आणि हातात काय पडलं, तर हे. चहा न घेताच उठले. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या फोन लावत सुटले. "आणखी एक रुपया पाठवा." का, ते सांगता येईना. कसं सांगायचं, की तुम्ही जिवंत बाईच्या बाराव्याचे पैसे धाडलेत? एकजण म्हणाला, "बाई, चेष्टा करताय काय?" दुसरा म्हणाला, "राउंड फिगर कशाला बिघडवता?" त्याला मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, "पाठव म्हटलं ना!" माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तेवढा पलीकडे आकडा स्वतःशी पुटपुटून बघितला. मग म्हणाल्या, "अरे देवा. माझ्याही लक्षात आलं नाही गं."

रविवारी पोरी निडीहून चालत आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ खाऊन त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. एकीची चप्पल तुटलेली, ती पायाला फडकं बांधून चालत होती. मैत्रीण दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, डबी मांडीवर घेऊन. लेक वळणावर दिसली आणि डबी बोलली, "एक रुपया प्राप्त झाला." थोड्या वेळानं पुन्हा, "एक रुपया प्राप्त झाला." मग पुन्हा.

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस."

"नाय गो."

"खोटारडी," ती म्हणाली. पण तिनं डबीचा आवाज वाढवला.

गाडी लागली. खाडीकडच्या गावांतून माणसं आणते, परत सोडते. मैत्रिणीला तिचा उपयोग नव्हता, तिचं घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. होळीच्या आधी ती गेली, डायलिसिस चालू असतानाच. खाडीकडची माणसं त्या दिवशीही आपल्याच गाडीनं आली होती, आणि तिच्या रिकाम्या खाटेकडे बघत आपापल्या मशीनला लागली. मला अजून राग आहे. कुणावर, ते विचारू नका.

बाराव्याला गेले. दुकान बंद होतं. फंडाचे पैसे अधूनमधून यायचेच, म्हणून मुलीनं डबी घरात आणून कोनाड्यात ठेवली होती. मी तिच्या हातावर नोट ठेवायला गेले तर तिनं मूठ मिटली. म्हणाली, "मावशी, मला नको. फंडातच टाका. आई तेच बोलली असती."

मी फोन काढला. एकशे एक टाइप केलं. सवयच लागली होती. मग समोर मैत्रिणीच्या फोटोला घातलेला हार दिसला. शेवटचा एक खोडला आणि तिथं शून्य टाकलं. आज तोच आकडा बरोबर होता.

पैसे पाठवले. कोनाड्यातून डबी म्हणाली, "शंभर रुपये प्राप्त झाले." तेवढंच म्हणाली.